एक बूट ओल्याचा, एक कोरड्याचा

मैदानावर एक तास उभं राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. गोल करायचा नव्हता, चेंडूशी फार सलगी करायची नव्हती, फक्त पडायचं नव्हतं. बावन्न वर्षांच्या माणसाने एवढी माफक इच्छा धरली तर तिच्यापायी दीड महिना, दोन अर्ज, एक छत्री आणि हॉलमधल्या चार फरशा कामी याव्यात, हे आधी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी एकदा ठरवलं की ठरवलं. बायको ह्याला हेका म्हणते, मी निर्धार म्हणतो.

कारण सांगतो. आमच्या ऑफिसात दरवर्षी खात्याखात्यांमध्ये फुटबॉलचे सामने होतात आणि आम्हा अभिलेख विभागाची गाठ पहिल्याच फेरीत पाणीपुरवठ्याशी पडते. गेल्या वर्षी ऐनवेळी एक माणूस कमी पडला म्हणून मला कॅनव्हासच्या बुटांवर उतरवलं. ओल्या गवतावर माझे दोन्ही पाय एकदम पुढे गेले, मी मागे बसलो, आणि मुकाट्याने मैदानाबाहेर चाललेला चेंडू माझ्या पाठीवर आपटून आमच्याच जाळ्यात गेला. आम्ही एक-शून्यने हरलो. त्या दिवसापासून ऑफिसात माझं नाव घसरगुंडी. चहावालासुद्धा कप ठेवताना "धरून बसा" म्हणतो.

नावाचं एक वेळ सोडा. माणसं निवृत्त होतात, नावं विरून जातात. पण सामन्याचा अहवाल विरत नाही. आमच्याकडे कागदांचे वर्ग आहेत. 'क' वर्ग पाच वर्षांनी नष्ट करायचा, 'ब' वर्ग तीस वर्षांनी, आणि 'अ' वर्ग कायमस्वरूपी जतन करायचा. कुणा एका क्रीडाप्रेमी साहेबांनी कधीकाळी क्रीडा अहवाल 'अ' वर्गात टाकले आणि ते आपले निवृत्त होऊन गेले. त्यामुळे 'बचावपटू घसरल्याने स्वयंगोल' हे वाक्य, माझ्या पूर्ण नावानिशी, माझ्याच कपाटात, माझ्याच शिक्क्याखाली, जन्ममृत्यूच्या नोंदींशेजारी बसलेलं आहे. शंभर वर्षांनी कुणी संशोधक आला तर त्याला आमच्या काळाबद्दल दुसरं काही कळो न कळो, मी घसरलो एवढं नक्की कळेल.

आणि ह्या वर्षी क्रीडा समितीने नियम काढला की प्रत्येक संघात पन्नाशीपुढचा एक तरी माणूस पूर्ण वेळ खेळलाच पाहिजे. आमच्या विभागात पन्नाशीपुढचे पाच जण. नियम फलकावर लागला त्याच दिवशी दुपारी चौघांनी डॉक्टरचे दाखले आणून दिले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं काही दुखत नाही ना?" त्यांनी आशेने विचारलं.

"नाही."

"नीट आठवून बघा."

मी नीट आठवलं. स्वाभिमान सोडून काही दुखत नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, मी खेळणार. आणि ह्या वेळी पडणार नाही." साहेबांनी मान हलवली, पण ती कुठल्या दिशेने हलवली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी जेवताना मी जाहीर केलं की मी स्टडचे बूट घेणार. बायकोने विचारलं, स्टड म्हणजे काय. मी सांगितलं, बुटाच्या तळाला खुंट्या असतात, त्या जमिनीत रुततात, मग माणूस घसरत नाही. ती म्हणाली, "मग बाथरूमसाठीपण एक जोड आणा." अशा वातावरणात मी वाढतो आहे.

खेळाच्या दुकानातल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलाचं माप आणलंय का?"

"मलाच हवेत."

त्याने खुर्ची सरकवली. म्हणाला, "बरं. मैदान कसं आहे?"

"हिरवं."

"रंग नाही विचारला हो. जमीन कशी आहे? टणक, मऊ, का चिखल?" मग त्याने तीन बूट काउंटरवर पालथे घातले. पहिल्याच्या तळाला रबराच्या आखूड खुंट्या, बऱ्याच. हा टणक जमिनीसाठी, वजन सगळीकडे वाटलं जातं. दुसऱ्याला मोजून सहा, लांब, टोकाला धातू. हा चिखलासाठी, खोल जातो आणि धरून ठेवतो. तिसऱ्याला नुसते मुरुमासारखे बारीक फोड, तो गालिच्यासारख्या नकली गवतासाठी. "टणक जमिनीवर लांब स्टड घातलेत तर उंच टाचांवर चालल्यासारखं होईल, घोटा मुरगळेल. आणि चिखलात आखूड घातलेत तर फटींत चिखल भरतो, तळ सपाट होतो, मग काय, घसरगुंडी."

तो शब्द त्याने निष्पापपणे वापरला हे मला समजत होतं. तरी मी तिन्ही बूट सुलटे करून त्याच्याकडे सरकवले.

"दोन्हीला चालेल असं काही नाही का?" मी शेवटी विचारलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी कुठलंही टिपण 'दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करता' ह्या शब्दांशिवाय संपवलेलं नाही. त्याने आतून एक खोकं आणलं. त्यातल्या बुटांचे स्टड पिळून काढता येत होते. आखूड सहा-सहा, लांब सहा-सहा, आणि पिळायला एक छोटा पाना. जमीन बघायची आणि त्याप्रमाणे बसवायचे. मला ते फार पटलं. ही वस्तू बनवणारा माणूस नक्की कुठल्या तरी कार्यालयात मुरलेला असणार.

बूट घरी आले आणि मी हॉलमध्ये चालण्याचा सराव सुरू केला. लांब स्टड घालून खिडकी ते दरवाजा आणि दरवाजा ते खिडकी. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई वर आल्या. अतिशय सभ्य बाई. म्हणाल्या, "तुम्ही घोडा पाळला असेल तर माझी हरकत नाही, फक्त त्याला संध्याकाळी फिरवा, मला तेव्हा शिकवण्या नसतात." त्या गेल्यावर बायकोने सतरंजी उचलून मला फरशा दाखवल्या. चार फरशांवर सहा-सहा टिंबं उठली होती. मी म्हणालो, सतरंजी आहे ना वर. ती टिंबं मोठ्याने मोजू लागली. ती मोजते तेव्हा मी जास्त घाबरतो, पण निर्धार ढळू दिला नाही, सराव गच्चीवर नेला.

गच्चीवर समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर भेटले. ह्या गृहस्थांनी आयुष्यभर पूल बांधले आणि आता बांधायला काही उरलं नाही म्हणून ते शेजाऱ्यांची कामं करतात. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला. "आटे कोरडे आहेत. गंजतील. तेल घाला." मी शिलाई मशीनचं तेल घातलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कातडं स्वच्छ ठेवता का? धुवा." मी धुतले. संध्याकाळपर्यंत वाळेनात म्हणून मी ते गरम तव्याच्या कडेला टेकवून ठेवले आणि बातम्या ऐकत बसलो. वासाने बायको आतून आली.

बूट दुरुस्त करणारे काका आमच्या कोपऱ्यावर बसतात. त्यांनी माझा डावा बूट वाकवून पाहिला. तो वाकला नाही. "हे काय केलंत?"

"वाळवले."

"वाळवले नाहीत, भाजलेत. कातडं आहे हे. ओलं झालं की आत रद्दी कोंबायची, सावलीत ठेवायचं, आणि आपण गप्प बसायचं. रद्दी ओली झाली की बदलायची. चिखल वाळू द्यायचा, मग मऊ ब्रशने झाडायचा. नळाखाली धरायचं नाही." त्यांनी चार दिवस त्या बुटाला मेण चोळलं. परत देताना म्हणाले, "माणूस म्हातारा झाला की कातडं कडक होतं, त्याला इलाज नाही. बुटाला आहे." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले असं बायकोचं म्हणणं आहे. ती तिथे नव्हती, तरी तिचं म्हणणं आहे.

आता प्रश्न उरला जमिनीचा. लांब का आखूड हे ठरवायचं तर मैदान बघायला हवं, आणि मैदानाला कुलूप. मी मैदान कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाला मी माणूस म्हणून आवडलो नाही, पण समव्यवसायी म्हणून त्याने मला बसायला सांगितलं. म्हणाला, "मैदान तुम्हाला सामन्यासाठी दिलंय. बघण्यासाठी दिलेलं नाही. बघायचं असेल तर वेगळा अर्ज."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. 'सदर मैदानाचा पृष्ठभाग टणक, मऊ अथवा चिखलयुक्त आहे याबाबत लेखी कळवावे.' अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'मैदान सुस्थितीत आहे.' खाली सही, शिक्का. मी ते उत्तर तीनदा वाचलं आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी उत्तरं वाचणाऱ्या लोकांना इतकी वर्षं काय वाटत असेल. तरी मी खचलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी मैदानाच्या कुंपणातून छत्री आत घातली आणि जमिनीत खुपसून पाहिली. एका बाजूला ती ठक्‌ करून थांबली. मी कुंपणाला धरून फिरत दुसऱ्या बाजूला गेलो, तिथे खुपसली, आणि ती गेली. चांगली वीतभर आत गेली आणि बाहेर येईना. मी ओढतोय, छत्री येत नाही, एवढ्यात आतून पहारेकरी आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. "काय चाललंय?"

"परीक्षण."

"कसलं?"

मी खिशातून 'मैदान सुस्थितीत आहे' काढून दाखवलं. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "मग झालं की." छत्रीची मूठ माझ्याकडे आली, बाकीची अजून तिथे आहे. त्याच्याकडूनच कळलं की त्या बाजूला जमिनीखालून पाण्याची नळी गेली आहे आणि ती दोन वर्षं गळते आहे. तक्रार पाणीपुरवठा विभागाकडे प्रलंबित आहे. म्हणजे आमच्या प्रतिस्पर्ध्यांकडे. मी कुणावर आरोप करत नाही, पण गेल्या वर्षी मी जिथे बसलो ती जागा हीच होती.

इंजिनिअरांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे मैदान काढलं. "ओली पट्टी लांबीच्या रेषेला धरून, साधारण सात पावलं रुंद. पुढे एकदम टणक. तुम्ही कुठे खेळणार?"

"डावीकडे, मागे."

"आणि ओली बाजू तुमच्या डाव्या हाताला. मग तुम्ही सातव्या पावलावर उभे राहायचं. डावा पाय ओल्यात, उजवा कोरड्यात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "डाव्या बुटाला लांब स्टड, उजव्याला आखूड. लांब स्टड रुतणार, म्हणजे दोन्ही पाय सारख्या उंचीवर."

मी थक्क झालो. दोन्ही बाजूंचा इतका साकल्याने विचार मी स्वतःसुद्धा कधी केला नव्हता. बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "आणि चेंडू दुसरीकडे गेला तर?"

"तिकडे दुसरे लोक आहेत," इंजिनिअर म्हणाले.

जाताजाता ते म्हणाले, खेळताना स्टड सैल होतात, आट्यांना काहीतरी लावून पक्के करा. मी सुताराकडचा घट्ट चिकट डिंक आणून बाराच्या बारा स्टड पक्के केले. पाना मग लागणारच नव्हता. तो मी कपाटात ठेवून दिला.

सामन्याच्या दिवशी सगळं ऑफिस बाजूच्या रेषेवर उभं होतं. बायको आली होती, सोबत थर्मास. इंजिनिअर घडीची खुर्ची घेऊन आले होते. कोरड्या जमिनीवरून मैदानात जाताना माझी चाल थोडी एका बाजूला झुकत होती, तेव्हा गर्दीतून कुणीतरी "घसरगुंडी, सांभाळून" म्हणालं. मी तिकडे पाहिलं नाही. सातव्या पावलावर गेलो. डावा पाय ओल्यात ठेवला, तो रुतला. उजवा कोरड्यात, तो टेकला. आणि काय सांगू, मी सरळ उभा होतो.

अर्धा तास मी पडलो नाही. चेंडू दोनदा माझ्या बाजूला आला, दोन्ही वेळा मी पाय घातला आणि दोन्ही वेळा उभाच राहिलो. आमच्या पुढच्या पोरांनी एक गोलही केला. आमचा गोलरक्षक म्हणजे आवक-जावक कारकून. आलेली प्रत्येक गोष्ट आत घ्यायची त्याची सवय, पण त्या दिवशी त्यानेही दोन फटके परत पाठवले. शिट्टी वाजली तेव्हा आम्ही एक-शून्यने पुढे होतो आणि मी बायकोकडे विजयी नजरेने पाहत होतो.

मग मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलायला निघाले.

सामन्याचे नियम मला पाठ आहेत. नियमावली माझ्याच कपाटात असते. इंजिनिअरांनी चौदा पूल बांधले आहेत. आणि तरी मध्यंतरानंतर बाजू बदलतात ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीची घडी तपासत होते.

साहेब धावत आले. "तुम्ही आता उजवीकडे जा. चिखल त्या बाजूला आलाय आणि आपल्यात चिखलाचे बूट फक्त तुमच्याकडे आहेत." त्यांना काय सांगणार? मी खाली बसून स्टड बोटांनी पिळून पाहिले. डिंक उत्तम होता. गोलरक्षक म्हणाला, "बूट उलटसुलट घाला की, डावा उजव्यात." मी तेही करून पाहिलं. दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसून सरळ केले, कारण पंच विचारायला लागले की दुखापत आहे का.

दुसऱ्या अर्ध्यात माझा उजवा पाय, आखूड स्टडचा, चिखलात होता आणि डावा, लांब स्टडचा, टणक जमिनीवर. एक पाय खड्ड्यात आणि एक पायरीवर, अशा अवस्थेत मी उभा होतो. पण उभा होतो. पळायचं नाही, वळायचं नाही, उजव्या पायावर भार द्यायचा नाही, हे मी मनाशी म्हणत राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पंचवीस गेली. गर्दीतले टोमणे हळूहळू बंद झाले. मी मनात अहवाल लिहायला घेतला होता. 'बचावपटू संपूर्ण वेळ स्थिर राहिले.' स्थिर हा शब्द मला फार आवडला होता.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांचा आघाडीचा खेळाडू सुटला. हा माणूस नोकरीत पाण्याचे मीटर वाचतो, दिवसभर जिने चढतो-उतरतो, त्याला दम लागत नाही. तो चिखलाच्या पट्टीतून सरळ आला. आमचा गोलरक्षक पुढे धावला, त्यालाही ह्याने चकवलं. मागे मोकळं जाळं, आणि मध्ये मी.

मला सगळं दिसत होतं, हे मी शपथेवर सांगतो. मी उभा राहिलो तर तो माझ्या उजव्या बाजूने निघून जाणार हे त्याच्या पायावरून कळत होतं. त्याच्यामागे पळायचं म्हटलं तर उजवा पाय जागा सोडणार होता. उभं राहिलो तर मी पडणार नव्हतो आणि गोल होणार होता. अठ्ठावन्न मिनिटं. एवढं मला जन्मात कधी जमलं नव्हतं. मग मी डाव्या पायाचा लांब स्टड जमिनीत दाबला आणि स्वतःला त्याच्या पायांपुढे टाकलं. चेंडू छातीवर बसला आणि बाहेर गेला.

मी तोंडभर चिखल घेऊन वर पाहिलं तेव्हा सगळं ऑफिस हसत होतं. घसरगुंडी, घसरगुंडी, असा एक सूर लागला होता. आम्ही जिंकलो, साहेबांनी मला मिठी मारायला हात पुढे केले आणि माझे कपडे बघून मागे घेतले. म्हणाले, "घसरलात, पण योग्य वेळी घसरलात हो."

"मी घसरलो नाही. मी उडी मारली."

"बरं, बरं," ते म्हणाले.

बायकोला विचारलं, तू पाहिलंस ना? ती त्या क्षणी इंजिनिअरांना चहा ओतून देत होती. म्हणाली, "अहो, पडलात तर पडलात. लागलं नाही ना कुठे?" तिने माझ्या कपाळावरचा चिखल पदराने पुसला. ती प्रेमाने म्हणाली, म्हणूनच मला जास्त लागलं.

आठवड्याने अहवाल माझ्या टेबलावर आला, शिक्का मारून 'अ' वर्गात लावण्यासाठी. 'अखेरच्या क्षणी बचावपटू घसरून पडल्याने गोल वाचला.' मी शिक्का उचलला आणि खाली ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी एक कागद शिक्क्याविना परत पाठवला, सोबत अर्ज जोडला. विषय : 'घसरून' हा शब्द वगळणेबाबत.

साहेब म्हणाले, "अहो, जिंकलो ना आपण? आता कशाला?" गोलरक्षक म्हणाला, काका, सोडून द्या. चहावाल्याचंही मत आलं. मी म्हणालो, मी चिखलात उडी मारली आहे आणि ती मी कायमस्वरूपी जतन करणार आहे. बाकी तुमचं चालू द्या.

क्रीडा समितीला सुनावणी घ्यावी लागली, कारण अर्ज नियमाला धरून होता. एका लांब टेबलापलीकडे तिघं बसले. मधोमध सचिव, हे एरवी लेखनसामग्री विभागात असतात आणि एक पेन्सिल मागितली तरी जुनी आणून दाखवा म्हणतात. त्यांनी विचारलं, "पुरावा काय?"

मी बूट टेबलावर ठेवले. त्यांनी तळ पाहिले, एक लांब, एक आखूड, आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मी इंजिनिअरांना आणलं होतं. त्यांनी घसा साफ केला. ते सत्यवादी गृहस्थ आहेत, हे मी आणण्याआधी लक्षात घ्यायला हवं होतं. म्हणाले, "आखूड स्टड, ओली जमीन, शरीराचं वजन लक्षात घेता, शास्त्रीयदृष्ट्या ते घसरायलाच हवेत." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "क्षमा करा, पण आकडे तसेच येतात."

सचिवांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे शब्द बरोबर आहे."

"प्रतिस्पर्धी खेळाडूला बोलवा," मी म्हणालो. "तो समोर होता."

"तो तुमच्या बाजूने कशाला बोलेल?"

तेही खरंच होतं, पण माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. मीटर वाचणारा आला तेव्हा त्याच्या काखेत वही होती, कामावरून तसाच आला होता. सचिवांनी त्याला वाक्य वाचून दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना पाहत होतो.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"काय चूक?"

"हे घसरले नाहीत. घसरणारा माणूस कुठे बघतो? वर बघतो, नाहीतर डोळे मिटतो. हात हवेत जातात. ह्यांचे हात छातीशी होते आणि हे माझ्या पायांकडे बघत होते. मी चेंडू ढकलायच्या आधी ह्यांनी अंग टाकलं. मला वाटलं होतं हे हलणारच नाहीत. तासभर हलले नव्हते."

"पण घसरून त्यांचा तोल..."

"साहेब," तो म्हणाला, "गोल माझा गेलाय. घसरले असते तर मी घरी जाऊन नशिबाला नावं ठेवली असती. मला माहीत आहे मला कोणी अडवलं."

इंजिनिअरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सचिवांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि 'बचावपटू घसरून पडल्याने गोल वाचला' ह्या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली. मग मला म्हणाले, "त्या जागी काय लिहू, ते सांगा."

मी तीस वर्षं लोकांना मजकूर सांगत आलो आहे. तोंड उघडलं आणि 'दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करता' एवढंच बाहेर आलं.

"लिहा," मीटर वाचणारा म्हणाला, "बचावपटूने स्वतःला झोकून देऊन गोल अडवला."

सचिव लिहीत होते. मी टेबलाच्या ह्या बाजूने ते उलटं वाचलं. अक्षर वाईट होतं आणि ओळ वर चढत गेली होती. मी एकही दुरुस्ती सुचवली नाही.